उकर्डाभाऊची खुडूक

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलीन. पण आधी वासाचं बोलून घेते, कारण उकर्डाभाऊ जाऊन दोन उन्हाळे झाले तरी मधल्या भिंतीकडे तोंड केलं की मला आधी तो वास आठवतो आणि मग माणूस. सडक्या अंड्याचा, ओल्या पिसांचा, कोंबडीच्या शिटेचा, आणि त्या सगळ्यावर गोमूत्राचा शिपका. छी! हे लिहितानाही माझा डावा हात पदर घेऊन नाकाकडे गेलाच.

मी केनवडात बायकांचे ब्लाऊज शिवते. शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी उघडते उकर्डाभाऊच्या अंगणात. घरात उजेड येतो तो तेवढ्याच खिडकीतून. लावली तर सुईत दोरा जात नाही आणि उघडली तर पोटात अन्न राहत नाही, अशी माझी दोन वर्षं गेली. मापाला आलेल्या बायका उंबऱ्यातच थबकायच्या. "सुमनबाई, काही मेलं काय वो इथं?" मी म्हणायची, "नाही वो, शेजारी जन्मून राह्यलं."

तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणायची आणि मनात 'तो'. आता लिहायला बसलेच आहे तर मनातलंच लिहिते.

माणूस वाळका, उंच, पाठीत जरा वाकलेला. खांद्यावर कायम एक दुपट्टा. तो दुपट्टा एकेकाळी पांढरा होता असं त्याची सून वर्षा सांगायची. मी पाहिला तेव्हापासून तो गढूळ पाण्याच्या रंगाचा होता. त्यानं तो तोंड पुसायचा, म्हशीची कास पुसायचा, सायकलची चेन पुसायचा, आणि घरी पाहुणा आला की बाजेवरची धूळ त्याच दुपट्ट्यानं झटकून म्हणायचा, "बसा बापा, साफ केलं." चहाचा कप त्याचा वेगळा होता, आतून काळाकुट्ट. वर्षानं एकदा तो राखेनं घासून लख्ख केला, तर दोन दिवस गड्यानं चहाच घेतला नाही. "चव धुऊन टाकली इनं," म्हणे.

त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं, "धुतलं का धुपलं." वावरात धो-धो पाणी पडलं की वरची काळी माती वाहून जाते आणि खाली चुनखड उघडी पडते, तेव्हा जमीन धुपली म्हणतात. भाऊच्या मते भांड्याचं, कपड्याचं, माणसाचं सगळ्यांचं तसंच. कस असतो तो वरच्या थरात, आणि आपण बायका तोच रोज घासून मोरीत सोडतो. बरं, आळशी म्हणावा तर तेही नाही. त्याच्या तुरीच्या ओळी सुतानं आखल्यासारख्या असायच्या. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गवताची काडी दिसायची नाही. म्हणजे साफसफाई माणसाला येत होती! याचाच मला जास्त संताप यायचा.

तर अशा माणसाच्या घरी अंडी उबवायची मशीन आली. रिसोडला कुणीतरी टाकून दिलेला बंद फ्रिज त्यानं उचलून आणला. तिथल्याच एका वायरमनकडून त्यात दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि गरमी वाढली की बल्ब बंद करणारा खटका बसवून घेतला. जाळीच्या फळ्यांवर अंडी, तळाशी ओलाव्यासाठी ताटलीत पाणी. आमच्याकडे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात, तेच नाव भाऊनं त्या फ्रिजला दिलं. "माही खुडूक बसली आता. तीन हप्ते तिले कोनी छेडाचं नाही," असं आळीभर सांगत फिरला.

पहिली खेप झकास निघाली, खोटं कशाला बोलू. शिरपूर जैनहून त्याचा साडू एस.टी.नं खास पाहायला आला. मीही गेले होते. पिल्लू कवच फोडून बाहेर येतं तेव्हा अगदी गलिच्छ दिसतं, ओल्या बोळ्यासारखं पडून राहतं, आणि मग वाळता वाळता त्याचं पिवळं लोभस काहीतरी होतं. भाऊ एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत होता. सगळ्यांनी कौतुक केलं, गुळाचा चहा झाला.

पिल्लं टोपल्यात काढून घेतल्यावर आत जे उरलं ते मात्र मी पाहिलं. टरफलांचे तुकडे, त्याला चिकटलेल्या आतल्या पातळ सालट्या, हिरवट शीट, पंख्याच्या पात्यांवर बसलेला पिसांचा भुसा, ताटलीतल्या पाण्यावर आलेली साय. आता धुईल, मग धुईल म्हणून मी खिडकीतून पाहत होते. भाऊनं काय केलं? मोठी मोठी टरफलं हातानं उचलली, बाकीच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जाळीवर नवी अंडी मांडली. अंड्यांनाही शीट लागलेली होती. ती त्यानं ओल्या दुपट्ट्यानं पुसली, म्हणजे एकाची सगळ्यांना लावली.

"भाऊ, धुवा तरी तिले," मी भिंतीवरून म्हटलं.

"कायले? खुडूक कोंबडी आपलं खुराडं धुते काय?"

याला काय उत्तर द्यायचं? मी मशीनशी परत आले. पण मनातून ते जाईना. एका दुपारी फॉलला टाके घालता घालता उत्तर सुचलं, तशी साडी खाली टाकून मी भिंतीशी गेले आणि ओरडले, "भाऊ, खुडूक कोंबडी हागाले तरी बाहीर जाते!"

भाऊ तंबाखू मळत बसला होता. आधी पाहतच राहिला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "मंग काय करू म्हनतं? फ्रिजले परसाकडे नेऊ?" वर्षाही हसली, मीही हसले. फ्रिज काही धुतला नाही.

दुसऱ्या खेपेला निम्म्याच अंड्यांतून पिल्लं निघाली. तिसरीला त्याहून कमी. भाऊनं लाईटला दोष दिला, अंडी देणाऱ्यांना दिला, नजर लावणाऱ्या साडूला दिला आणि एकदा मलाही दिला, माझ्या तोंडाचा गुण म्हणून. टॉर्चच्या उजेडात अंडं धरलं की आत जीव आहे की नाही ते कळतं, हे त्याला ठाऊक होतं. तो धरायचाही. पण काळं पडलेलं अंडं बाजूला काढायला तयार नाही. "असन जीव एखांद्या कोपऱ्यात. मी कोन फेकनारा?" असं म्हणून परत जाळीवर. ती अंडी आतल्या आत सडत राहायची, फुगत राहायची.

आणि मग एक फुटलं. माझ्याकडे मानोऱ्याहून एक नवरी मुलगी आली होती, लग्नाच्या ब्लाऊजचं माप द्यायला. मोतिया रंगाचं रेशमी कापड तिच्या खांद्यावर टाकून मी टाचण्या लावत होते. फट्ट! कुणी पिशवी फोडावी तसा आवाज. क्षणभर काही नाही. मग खिडकीतून वास आत आला. आई गं! तुम्ही सडकं अंडं हुंगलं असेल, पण तीन आठवडे उबेत ठेवून मुद्दाम पिकवलेलं नसेल हुंगलं. त्या मुलीनं तोंडावर हात धरला, डोळे मोठे केले आणि ओकली. कापडावर नाही, ही देवाची कृपा. माझ्या पायांवर.

मी पाय धुऊन तणतणत शेजारी गेले. भाऊ फ्रिजमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होता. काळंहिरवं पाणी सगळ्या अंड्यांवर उडालं होतं, जाळीतून खाली ठिबकत होतं, बल्बवर पडून करपत होतं. तो शांतपणे एकेक अंडं उचलून दुपट्ट्यानं पुसत होता आणि परत ठेवत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाहाय, केली साफ." मग त्याच दुपट्ट्याच्या दुसऱ्या टोकानं त्यानं मिशा पुसल्या. दुसरं टोक होतं एवढंच त्याचं पुण्य. "चाय घेतं काय, सुमनबाई?"

त्या दिवशी मी जेवले नाही. नवरीनं ब्लाऊज रिसोडला शिवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेले. पदर खोचून, शब्द जुळवून गेले. भाऊ अंगणात शेंगा फोडत बसला होता, वर्षा बाजूला सुपात दाणे पाखडत होती. मी म्हटलं, "भाऊ, तुमाले घान आवडते काहून एवढी? सरळ सांगा एकदाचं."

त्यानं शेंग फोडायची थांबवली. "माहं नाव काय हाये?" 

"उकर्डा."

"मंग?"

असली नावं मला लहानपणापासून ठाऊक, पण नावाचा कधी कुणी विचार करतं का? उकिरडा म्हणजे शेणाचा, केरकचऱ्याचा ढीग. भाऊच्या आईची त्याच्या आधीची सगळी लेकरं गेली होती. हा झाला तेव्हा तिनं त्याला नाळेसकट सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण आली, कुणाचं टाकलेलं लेकरू म्हणून तिनं उचललं, आणि आईनं तिच्याकडून त्याला सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. नाव ठेवलं उकर्डा. पुढे वर्षभर धड अंघोळ घातली नाही, चांगलं कुंची-झबलं घातलं नाही. मरणाला वाटावं की हे काही कुणाचं लाडकं नाही, कचरा आहे.

"यम आला, वास घेतला, माघारी गेला," भाऊ म्हणाला. "माही माय मरेपर्यंत म्हने, तुले घानीनं राखलं बापा. आता मी घानीले नावं ठेवू?"

मी हसणार होते. पण वर्षाचे पाखडणारे हात थांबले होते, म्हणून हसले नाही. भाऊ तिच्याकडे न पाहता मला म्हणाला, "आन् थे पेटी लय साफ होती, सुमनबाई. आरशावानी."

कोणती पेटी ते मला सांगावं लागलं नाही. वर्षाचं पहिलं बाळ, मुलगा, फार कमी दिवसांचा झाला होता. दवाखान्यात त्याला काचेच्या उबदार पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरांनी जीव तोडून केलं, पण पोर मुठीएवढं. भाऊला काचेबाहेरून पाहू देत होते, हात लावू देत नव्हते. तो काचेला नाक लावून उभा राहायचा आणि त्याच्या श्वासाची वाफ नर्स येऊन पुसायची. थोडे दिवस काढून ते गेलं. भाऊच्या डोक्यात एवढंच राहिलं की पेटी स्वच्छ होती आणि तिच्यात जीव राहिला नाही. त्यानंतर सहाएक महिन्यांनी त्यानं तो फ्रिज आणला होता.

म्हणजे धुवायचं राहत होतं ते आळसानं नाही, हा माणूस त्या अंड्यांची राखण करत होता. मला सगळं कळलं. कळलं म्हणून वास कमी झाला नाही, हेही सांगते. मी भांडण तोंडातल्या तोंडात गिळून घरी आले आणि खिडकीला ओलं पोतं बांधलं.

वर्षाला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात कुणी आनंदानं बोललंसुद्धा नाही. तिचा नवरा गजानन ट्रॅक्टर चालवतो. सरळ पोरगा आहे, पण बाप आणि बायको एका खोलीत आले की त्याला वावरात काम आठवतं. दिवस पूर्ण भरले, वाशिमच्या दवाखान्यात मुलगी झाली. तब्येतीनं ठणठणीत. जीप दारात आली तशी मी भाकरतुकडा ओवाळायला धावले. भाऊ माझ्या आधी तिथं उभा होता, दोन्ही हात पुढे करून. त्या हातांच्या नखांत काय काय होतं ते मी बोलत नाही.

वर्षानं मुलीला छातीशी घट्ट धरलं. "मामाजी, थो हात नका लावू," ती सासऱ्याला म्हणाली.

"काहून?"

"त्या फ्रिजात घालता थो हात. माह्या लेकराले लागाचा नाही. अदी थे मशीन धुवा, आंग धुवा, मंग या."

बाळंतीण बाई, नुकती जीपमधून उतरलेली, पण आवाज असा की गजानन तडक ट्रॅक्टरकडे निघाला. भाऊनं हात मागे घेतले. म्हणाला, "एक डाव उकिरड्यावर सुपात ठेवू दे तिले. एक घडी. सुमनबाई उचलीन, मी परत घीन. मंग जनमभर धू तिले तू."

"नाही."

"एक पोरगं गेलं, वर्षे."

"माहंच गेलं," वर्षा म्हणाली आणि आत गेली.

तिथून दोघांचं सुरू झालं. भाऊ रोज सकाळी मुलीला तेल लावायच्या वेळी खोलीच्या दाराशी यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. वर्षा पडदा ओढायची. तो पडद्याशी बोलायचा. "रडून राह्यली काय वो? भूक लागली असन." एक दिवस त्यानं दाराशी नवंकोरं सूप आणून ठेवलं. वर्षानं त्यात लसणाचे कांदे वाळत घातले. मी दोघांनाही समजावायचा प्रयत्न केला. वर्षा म्हणाली, "काकू, तुमी त्या खिडकीत पोतं बांधून बसता, आन् मले सांगता लेकरू द्या?" तो माणूस नातीसाठी झुरतो आहे हे भिंतीपलीकडून मला दिसत होतं. पण मला विचाराल तर मीही दिली नसती.

त्यातच खुडूकची खेप निघाली. फार थोडी पिल्लं बाहेर आली आणि जी आली ती पाहवत नव्हती. पोटं फुगलेली, पाय फाकलेले, बेंबीशी ओलं काळपट काहीतरी, आणि त्याला वास. अंड्यातल्या पिल्लालाही बेंबी असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊ टोपलं मांडीवर घेऊन उन्हात बसला, एकेकाच्या तोंडात काडीनं पाणी सोडत. दुपारपर्यंत अर्धी माना टाकून पडली.

त्याच दुपारी कुणीतरी त्याला सांगितलं की मुलीची नाळ अजून पडली नाही. झालं! हा उठला, चुलीपाशी गेला, डब्याच्या झाकणात गोवरीची राख घेतली आणि सरळ खोलीचा उंबरा ओलांडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मी कापड कापत होते, कात्री हातात घेऊनच भिंतीशी आले.

"वर्षे, बेंबीले राख लाव. माही तशीच वाळली होती."

"नर्सबाईनं कायीच लावू नोको म्हटलं. कोरडी ठेवाची, बस."

"नर्सबाईचं एक गेलं काय?" भाऊचा आवाज चढला. "माहं गेलं! दे थे पोरगी इकडे."

मला वाटलं आता वर्षा किंचाळेल. ती किंचाळली नाही. कानाला बांधलेलं फडकं सारखं करत ती बाहेर आली, दाराला कडी लावली, अंगणातल्या टोपल्याशी गेली. एका चिंधीत तिनं एक पिल्लू उचललं, उताणं केलं आणि भाऊच्या तोंडापुढे धरलं. पिल्लू जिवंत होतं. पाय हलवत होतं.

"याची बेंबी पाहा."

भाऊ पाहत राहिला.

"वास घ्या."

त्यानं खरंच वास घेतला. 

"अंड्यातून निंगालं तवा हे बेंबी उघडी होती, मामाजी. तुमच्या जाळीवर लोळलं हे. घान इथून आत गेली." ती मोठ्यानं बोलत नव्हती. "तुमीच म्हनता ना, यम येते आन् वास घेऊन माघारी जाते? याच्यापासून काहून नाही गेला?"

भाऊच्या हातातलं झाकण कलतं झालं आणि राख त्याच्या पायावर पडली. त्यानं पिल्लू घेतलं, दुपट्ट्यात धरलं आणि पायरीवर बसून राहिला. माझं कापड कापायचं राहूनच गेलं. पिल्लाचे पाय हलायचे थांबले तेव्हा तो उठला, उकिरड्यापाशी जाऊन त्यानं छोटा खड्डा केला आणि दुपट्ट्यातलं त्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवरून हाक आली. "सुमनबाई, कपडे धुवाची पावडर हाये काय?"

मी पावडर दिली, घासणी दिली, ब्लिचिंग दिलं, जुना ब्रश दिला. पोतं सोडून खिडकी सताड उघडली आणि पदर बांधून बसले. हे मला पाहायचंच होतं.

भाऊनं बटण बंद करून वायर काढली, फ्रिज ओढत ओढत हातपंपाशी नेला आणि आडवा केला. जाळ्या ओढल्या तर निघेनात, इतक्या चिकटल्या होत्या. निघाल्या तेव्हा खाली बोटभर थर होता, टरफलं, पिसं, शीट आणि फुटलेली अंडी एकमेकांत मुरून झालेला. त्याच्यात अळ्या होत्या. त्यानं खरवडायला घेतलं. पाणी टाकलं तसा दोन वर्षांचा वास एकदम जागा झाला, रस्त्यावरनं जाणारी म्हैससुद्धा थबकली. आणि मग मी ते पाहिलं. उकर्डाभाऊनं हात थांबवला, मान बाजूला वळवली, आणि त्याला ओकारी आली. कोरडीच. हातपंपाचा दांडा धरून तो कितीतरी वेळ वाकून उभा होता.

"व माय," तो म्हणाला. "हे माह्या घरात होतं?"

"आमच्याबी होतं, भाऊ," मी म्हटलं. बोलायला नको होतं कदाचित, पण माझीही दोन वर्षं त्या थरात होती.

त्यानं साबणानं घासलं, मग ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसलं, मग साध्या पाण्यानं. बल्ब आणि पंखा वर्षानं दारातून सांगितल्याप्रमाणे कोरड्या फडक्यानं पुसले. जाळ्या उन्हात उभ्या केल्या, फ्रिजचं दार उघडून त्याचं तोंड सूर्याकडे केलं. शेवटी सगळं पुसायला फडकं उरलं नाही, तेव्हा त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, ब्लिचिंगच्या पाण्यात खळबळून त्यानं पुसलं आणि तो उकिरड्यावर फेकून दिला. मग मला कात्री मागितली, नखं कापायला. कापडाची कात्री! मी जुनी दिली आणि परत घेतली नाही.

पुढे प्रत्येक खेपेनंतर तो खुडूक धुवायचा. आवडीनं नाही. "धुतलं का धुपलं" हे पुटपुटतच धुवायचा, आणि घासणी घेतली की आधी नाक मुरडायचा. पिल्लं पुन्हा बरी निघायला लागली. आता ते सगळं वर्षा पाहते, मुलगी अंगणात पिल्लांमागे पळते आणि माझी खिडकी उघडी असते. कप मात्र भाऊनं शेवटपर्यंत कुणाला घासू दिला नाही.

पण मला तो दिसतो तो त्या धुण्याच्या दिवशीचा. त्यानं अंघोळ केली. तांब्याभर पाण्याची नाही, बादलीभर पाण्याची, साबण लावून. कोपरापर्यंत हात दगडानं घासले, लाल होईपर्यंत. गजाननचा धुतलेला सदरा घातला, तो त्याला आखूड होत होता. खांदा मोकळा होता आणि हात सारखा तिथला दुपट्टा शोधायला जात होता. खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन तो उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे.

वर्षानं नखं पाहिली. वाकून वास घेतला. मग आत गेली, मुलीला आणलं आणि त्याच्या हातांवर ठेवलं. नाळ आदल्या रात्रीच पडली होती, बेंबी कोरडी होती. मुलगी न्हाऊन झोपलेली, तिच्या अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. भाऊनं तिला उराशी घेतलं नाही. हात लांब करून तसाच उभा राहिला.

"वर्षे," तो म्हणाला, "लय साफ हाये वो हे. भेव लागते मले."

"मलेबी लागते, मामाजी," वर्षा म्हणाली. "धरा नीट."